'सदारंग' हे टोपणनाव की नाममुद्रा?

प्रश्न असा आला आहे: "ख्यालाच्या बंदिशीत 'सदारंग', 'प्रेमपिया', 'गुणीदास' अशी नावं येतात. त्यांना मराठीत काय म्हणायचं? टोपणनाव, मुद्रा, छाप की तखल्लुस? आणि नाव लपवायचंच होतं, तर ते गाण्यात घातलं कशाला?"

पहिल्या भागाचं उत्तर चटकन देता येतं: नाममुद्रा म्हणा. गाणारी मंडळी नुसतं 'मुद्रा' म्हणतात आणि त्यांच्यात ते चालून जातं. पण तान घेताना बुवांचं तोंड वाकडं होतं तेही मुद्रेच्याच खात्यात, मुद्रादोष म्हणून, जमा होतं. म्हणून लिहिताना 'नाम' जोडलेलं बरं. 'छाप' हिंदी-ब्रजच्या मुलखात चालतो. मराठीत छाप पडते ती समोरच्यावर. तखल्लुस गझलेच्या मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, शोभतं, बंगालीत याला भणिता म्हणतात, आणि कर्नाटकातल्या वचनकारांच्या नि हरिदासांच्या रचनांत असते ती अंकित.

टोपणनाव मात्र म्हणू नये. माझी कसोटी साधी आहे: ते नाव गायलं जातं का? टोपणनाव रचनेच्या बाहेर, मुखपृष्ठावर किंवा श्रेयनामावलीत बसतं. नाममुद्रा ओळीच्या आत असते, बहुधा अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात. तिला मात्रा असतात, ती तालात बसवावी लागते आणि शिष्याला चिजेबरोबर, म्हणजे बंदिशीबरोबर, पाठ करावीच लागते. काढली तर ओळ लंगडी पडते.

आता लपवण्याबद्दल. सदारंग म्हणजे महंमदशाह रंगीले (राज्यकाळ 1719 ते 1748) याच्या दरबारातला बीनकार, म्हणजे बीन (रुद्रवीणा) वाजवणारा, नियामत खाँ. आख्यायिका अशी सांगतात, की त्याला गवयांच्या मागे साथीला बसायला फर्मावलं, ते त्याला मानवलं नाही आणि तो दरबार सोडून गेला. मग त्याने ख्याल रचले, ते दुसऱ्यांना शिकवले आणि त्यात 'सदारंग' गुंफलं. चिजा दिल्लीभर झाल्या आणि शेवटी बादशहानेच विचारलं, हा सदारंग आहे तरी कोण? गोष्ट किती खरी ते राहू द्या. गवई ती पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, यातच त्यांचं मन दिसतं. मागे बसण्याचा अपमान झाला, पण त्यावर उपाय म्हणून तो पुढे येऊन बसला नाही. तो गाण्यात जाऊन बसला.

पुढची गंमत शब्दाची आहे. त्याच्या पुष्कळ बंदिशींत 'सदारंगीले मोंमदसा' असा जोड येतो. सरळ वाचलं तर 'सदा रंगेल असा महंमदशाह', बादशहाची स्तुती. जाणकाराने ऐकलं तर रचनाकाराची सही. उखाण्यात नवऱ्याचं नाव जसं यमकाच्या पदराआड घेतात, तसं इथे दोघांचं एकदम घेतलं आहे. पुतण्या फिरोज खाँ 'अदारंग' झाला, आणि मग 'रंग' हे जणू आडनावच बनलं: मनरंग, दिलरंग, बडे गुलाम अली खाँचं सबरंग, अलाहाबादच्या पं. रामाश्रय झांचं रामरंग.

'पिया'वाल्यांचं आणखी नामी. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ प्रेमपिया, विलायत हुसेन खाँ प्राणपिया, अत्रौलीचे महबूब खाँ दरसपिया. विरहिणी 'प्रेमपिया अजून आले नाहीत' अशा अर्थाचं काही गाते, तेव्हा माहिती नसलेल्या श्रोत्याला त्यात फक्त प्रियकर ऐकू येतो. अर्थाला कुठेही ओरखडा न काढता खाँसाहेब ओळीत उभे असतात. त्यामुळे 'लपवायचं होतं तर घातलं का' हा प्रश्न मला उलटा वाटतो. ज्याला कळायचं त्याला कळावं आणि बाकीच्यांच्या रसभंगाचं कारण होऊ नये, इतपत प्रसिद्धी त्यांना हवी होती. ती त्यांनी बरोबर मापून घेतली.

इथे उपाधीची गल्लत होते, तीही निस्तरू. बालगंधर्व, सवाई गंधर्व, कुमार गंधर्व ही नावं लोकांनी दिली. पुढे नारायण राजहंस, रामभाऊ कुंदगोळकर, शिवपुत्र कोमकळी ही मूळ नावं मागे पडली. नाममुद्रा रचनाकार स्वतः घेतो किंवा गुरू देतो, आणि तिचा सूर सहसा नम्र असतो. जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणीदास', म्हणजे गुणिजनांचे दास. त्यांचे शिष्य चिं. रा. व्यास 'गुणिजान'. गुरूच्या नावातला अर्धा भाग शिष्याने पुढे चालवला, हे मला पारितोषिकांच्या यादीपेक्षा मोलाचं वाटतं.

मराठीला यात नवीन काही नाही. 'तुका म्हणे' आपल्या कानात बसलेलंच आहे. पण तुकोबांचा धाकटा भाऊ कान्होबा याचे अभंग काढून बघा. तिथे नाममुद्रा येते 'तुकयाबंधु'. स्वतःचं नाव घालण्याच्या हक्काच्या जागी त्याने भावाचं नाव घातलं आणि आपल्यासाठी फक्त नातं ठेवलं. एकनाथ 'एका जनार्दनी' म्हणताना गुरूला घेऊन येतात. ज्ञानदेवांच्या अभंगांत 'बापरखुमादेवीवरु' येतं, तिथे तर सही करणाऱ्याचं नावच नाही, विठ्ठलाचं आहे.

शाहिरांकडे वळलं की पेहराव बदलतो. 'होनाजी बाळा' हा एकच माणूस असं समजणारे अजून भेटतात. होनाजी शिलारखाने रचायचा आणि बाळा कारंजकर गायचा. गळ्याचं श्रेय कवीच्या बरोबरीने घेणारी दुसरी इतकी ठसठशीत जोडनाममुद्रा मला आठवत नाही. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (1866–1945) लावणीत पठ्ठे बापूराव झाले आणि त्या नावाने कुलकर्ण्यांना पार पुसून टाकलं.

नियमाची परीक्षा घेणारं उदाहरण संगीतशास्त्रकार वि. ना. भातखंड्यांचं. 1910च्या सुमारास त्यांनी 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ काढला, तो 'चतुरपंडित' या नावाने. मराठीतली 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' लिहिली 'विष्णुशर्मा' होऊन, आणि तिच्यात चतुरपंडितांचा हवाला एखाद्या तिऱ्हाईत विद्वानाचा द्यावा तसा दिला! त्यांच्या लक्षणगीतांतही, म्हणजे रागाची लक्षणं सांगणाऱ्या गीतांतही, 'चतुर' येतं. म्हणजे तेच नाव ग्रंथावर टोपणनाव आणि गीतात नाममुद्रा. कसोटी टिकते.

याच न्यायाने लता मंगेशकरांचं 'आनंदघन' हे टोपणनाव. 'मोहित्यांची मंजुळा', 'साधी माणसं' या चित्रपटांचं संगीत त्यांनी या नावाने दिलं. 'साधी माणसं'ला राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा 'आनंदघन' असा पुकारा झाला आणि कोणीच उठेना; लताबाई सभागृहातच बसून होत्या, शेवटी कुणीतरी गुपित फोडलं, असं सांगतात. सदारंगाच्या गोष्टीची ही उलटी बाजू. त्याला नाव मिळवायचं होतं, यांना असलेलं नाव घटकाभर बाजूला ठेवायचं होतं. पण 'आनंदघन' कुठल्या चालीत ऐकू येत नाही, म्हणून नाममुद्रा नाही.

गाण्यात नाव घालण्याची गरज कमी झाली ती ध्वनिमुद्रणाने. 1902 साली कलकत्त्यात गौहर जानने ध्वनिमुद्रिका दिल्या, तेव्हा गाणं संपताच ती इंग्रजीत ठणकावते, 'माय नेम इज गौहर जान'. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, तिथल्या कारागिरांना लेबल लावायला गायिकेचं नाव कळावं म्हणून ही सोय. कारण कारखान्याचं, पण ऐकताना त्यातला तोरा लपत नाही. मात्र ते नाव गाणारीचं. रचणाऱ्याचं नाव अंतऱ्यात होतं तिथेच राहिलं.

आणि तिथेच ते दुर्लक्षितही होतं. मैफलीच्या चित्रफितीखाली हमखास 'पारंपरिक बंदिश' असं टाकलेलं असतं, आणि वर गायक दोन-दोनदा स्वच्छ 'रामरंग' म्हणत असतो. रामाश्रय झा 2009 पर्यंत हयात होते हो! सदारंगाच्या बाबतीत सावध राहायला हवं हे मान्य, कारण त्याचं नाव घालून मागाहून इतरांनीही चिजा रचल्या असाव्यात, जसे तुकोबांच्या गाथेत 'तुका म्हणे'चे क्षेपक, म्हणजे मागाहून घातलेले अभंग, शिरले. पण गुणीदास, गुणिजान, रामरंग यांच्याबद्दल असा घोळ नाही. तेव्हा प्रश्नकर्त्यांनी लिहिताना 'रचना: पं. रामाश्रय झा, नाममुद्रा रामरंग' असं लिहावं; 'रामरंग या टोपणनावाने' असं नको.