रूटची ‘जाहिरात’ करावी, की रूट ‘जाहीर’ करावा?

प्रश्न असा आहे: आयएसपीच्या (इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या) तंत्रज्ञांसाठी मराठीत मार्गदर्शिका लिहिताना ‘रूट ॲडव्हर्टाइझ करणे’ याला ‘मार्गाची जाहिरात करणे’ म्हणावं का? आणि ‘रूट लीक’ला ‘मार्गगळती’ चालेल का?

जाहिरात नको, ‘जाहीर करणे’ घ्या. बीजीपीत, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या पद्धतीत, एक राउटर शेजारच्या राउटरला सांगतो की २०३.०.११३.०/२४ या गटातल्या पत्त्यांची पॅकेट माझ्याकडे द्या, पोचवायचं मी बघतो. यात माल खपवणं नाही, जबाबदारी घेणं आहे. उमेदवारी जाहीर होते, तसा मार्ग जाहीर होतो. आणि उमेदवारीसारखाच तो मागेही घेता येतो. त्यामुळे ‘विथड्रॉ’साठी वेगळा शब्द शोधावा लागत नाही. (लिहिताना ‘जाहीर’ची ही दीर्घ, ‘जाहिरात’ची हि ऱ्हस्व.)

मात्र ‘मागे घेतला’ हे जपून वापरा. राउटरने तसा अपडेट पाठवला तरच मार्ग मागे घेतला. दोन राउटरांमधलं बीजीपीचं संभाषण, म्हणजे सेशनच पडलं तर कोणी काही मागे घेतलेलं नसतं. शेजारी स्वतःच त्या सेशनवरून आलेले सगळे मार्ग टाकून देतो. दोन्हींत वेळेचा फरक मोठा आहे. मधे स्विच असेल आणि फायबर त्याच्या पलीकडे तुटली, तर आपला पोर्ट चालूच दिसतो. मग होल्ड टायमर (शेजाऱ्याकडून काहीच आलं नाही तर वाट बघायची मुदत) संपेपर्यंत, म्हणजे सिस्कोवर मुळात १८० सेकंद आणि ज्युनिपरवर ९० सेकंद, पॅकेट जात राहतात आणि पोचत नाहीत. बीएफडी (जोडणी चालू आहे का हे सतत तपासणारी यंत्रणा) ३०० मिलिसेकंद आणि ३ च्या गुणकावर लावलं तर हेच सुमारे ०.९ सेकंदात कळतं. तक्रारवहीत दोन्ही प्रसंगी ‘रूट गेला’ असं लिहिलेलं असलं की कारण शोधणारा चुकीच्या टोकाला बघतो.

खरी गडबड दिशेच्या शब्दांत होते. मार्ग जाहीर होतो बाहेर, पण त्यामुळे ट्रॅफिक येतो आत. ‘आउटबाउंड पॉलिसी’चं (म्हणजे काय जाहीर करायचं त्याच्या नियमांचं) ‘जाणाऱ्या ट्रॅफिकचं धोरण’ केलंत तर वाचणारा नेमकं उलट काम करेल. आयएसपीचे ग्राहक मुख्यतः डाउनलोड करतात. दोनपैकी एक अपस्ट्रीम (आपल्याला इंटरनेट पुरवणाऱ्या बड्या नेटवर्कची लिंक) भरली की तंत्रज्ञ लोकल प्रेफरन्स बदलतो आणि आलेख हलत नाही म्हणून वैतागतो. लोकल प्रेफरन्सने आपण पॅकेट कुठून बाहेर काढायची तेवढंच ठरतं. डाउनलोड हलवायचं तर आपण काय जाहीर करतो ते बदलावं लागतं. आपल्याकडे /२३ (दोन /२४ इतका पत्त्यांचा गट) असेल तर तो दोन्ही लिंकवर जाहीर करायचा आणि त्यातला एकेक /२४ एकेका लिंकवर. अधिक नेमका पत्ता जिंकतो. एक लिंक पडली तर /२३ सांभाळून घेतो. आयपीव्ही४ मध्ये /२४ पेक्षा बारीक तुकडे बहुतेक नेटवर्क घेत नाहीत. म्हणून मार्गदर्शिकेत ‘इन’ आणि ‘आउट’चं भाषांतर टाळून ‘आपण जाहीर केलेले मार्ग’ आणि ‘आपल्याला मिळालेले मार्ग’ असं सरळ लिहा.

सिस्कोच्या `नेटवर्क` कमांडबद्दलही एक ओळ हवी. कमांड दिली म्हणजे मार्ग जाहीर झाला असं नाही. तंतोतंत तोच मार्ग, त्याच मास्कसह (म्हणजे /२३ ला /२३ च), रूटिंग टेबलमध्ये असावा लागतो. नसेल तर कुठलीही चूक न दाखवता राउटर गप्प बसतो. म्हणून त्या ब्लॉकसाठी नल-० कडे (पॅकेट टाकून देणाऱ्या नावापुरत्या पोर्टकडे) स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, रूट टाकतात.

आता ‘गळती’. हा शब्द पॅकेट लॉससाठी राखून ठेवा, तिथे खरोखर काहीतरी गळतं. रूट लीकमध्ये काहीच कमी होत नाही, नको तिथे जास्त पसरतं. छोट्या आयएसपीने ‘अ’ या अपस्ट्रीमकडून मिळालेले मार्ग ‘ब’ या अपस्ट्रीमला जाहीर केले, की ‘ब’ ते ग्राहकाकडून आलेले मार्ग म्हणून जास्त पसंतीने घेतो, आणि दोन बड्यांचा ट्रॅफिक त्या छोट्याच्या १० गिगाबिटच्या लिंकमधून वाहू लागतो. पेपर फुटतो, बातमी फुटते, म्हणून ‘मार्ग फुटला’ म्हणायचा मोह होतो. पण मराठीत वाट फुटते म्हणजे तिला फाटा फुटतो. तेव्हा ‘रूट लीक’च ठेवा. ‘पेपर लीक’मुळे तो शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेच.

यावरचा उपाय शब्दाशेजारीच द्या: ग्राहकाच्या सेशनवर प्रिफिक्स लिस्ट (पत्त्यांचे कोणते गट, म्हणजे प्रिफिक्स, घ्यायचे त्यांची यादी), आणि तो चार प्रिफिक्स देणार असेल तर दहाची कमाल मर्यादा. मर्यादा ओलांडली की सेशन पडतं, आणि सिस्कोवर रीस्टार्टची वेळ दिली नसेल तर हाताने क्लिअर करेपर्यंत उठत नाही. इंटरनेटच्या मानकांपैकी आरएफसी ८२१२ (२०१७) सांगते की धोरण लिहिलेलं नसेल तर बाहेरच्या शेजाऱ्याला काही जाहीर करू नये आणि त्याचं काही घेऊही नये; पण प्रत्येक राउटर मुळात तसा वागत नाही.

‘प्रिफिक्स’ला ‘उपसर्ग’ करू नका. व्याकरणाबाहेर तो शब्द कोणी ओळखणार नाही.