लाकडाची भट्टी नवीन आहे? आधी लाकूड तपासा

घर उबदार ठेवायला लाकूड जाळणारी भट्टी बसवलीत, छान केलंत. पण हवेची झडप फिरवत बसण्याआधी लाकूड बघा. नवख्यांच्या बहुतेक तक्रारी भट्टीच्या नसतात, ओल्या लाकडाच्या असतात. ओंडका फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला ओलावामापक टोचा. आकडा २० टक्क्यांच्या खाली हवा. वरून कोरडं दिसणारं लाकूड फसवतं. जळताना टोकातून फेस येऊन सूंऽऽ आवाज आला, तर ती रास सरळ पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवा.

दुसरी चूक म्हणजे आग रात्रभर टिकावी म्हणून झडप जवळजवळ बंद करणं. आग धुमसते, धुरातला डांबरासारखा क्रिओसोट थंड धुराड्याला चिकटतो आणि एक दिवस तोच पेटतो. त्यापेक्षा लहान, पण ज्वाळेची आग बरी. बाहेर जाऊन बघा: आग नीट धरल्यावर धूर जवळपास दिसेनासा व्हायला हवा.

या दोन बाबतींत तडजोड नको:
- कार्बन मोनॉक्साइडचा (जळताना तयार होणारा, वास नसलेला विषारी वायू) अलार्म आजच लावा.
- पहिल्या हंगामात धुराडं दर महिन्याला आतून तपासा. क्रिओसोटचा थर ३ मिलिमीटर झाला की साफ करा.

ड्राफ्ट (धुराड्यातून हवा वर ओढली जाणं), भट्टीच्या पंख्याची गती वगैरे नंतर बघू. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा.