जुन्या पेट्रोल पिकअपला डिझेल इंजिन बसवणं परवडतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९७४ सालची लांब चेसिसची महिंद्रा जीप आहे, मागं हौदा बांधून पिकअप केलेली. पेट्रोलवर लिटरला सातच्या वर जात नाही. महिन्याला जेमतेम दीडशे किलोमीटर फिरते, शेतावर आणि बाजाराला. गावातला मिस्त्री म्हणतोय, वडापातून (गावोगावच्या शेअर प्रवासी वाहतुकीतून) निघालेल्या जीपचं डिझेल इंजिन चाळीस हजारात आणून बसवतो. बसवावं का?

चाळीस हजारात इंजिन येईल हो. पण तेवढ्यानं गाडी डिझेल होत नाही.

हे काम मी एकदा केलंय, १९९८ साली, थोरल्या भावाच्या गाडीवर. गाडी तुमच्यासारखीच: हरिकेन नावाचं पेट्रोल इंजिन, तीन गिअर, मागं हौदा. तेव्हा डिझेल पेट्रोलच्या निम्म्या भावात मिळायचं, आणि आमच्या कोल्हापूर भागात ज्याच्याकडं जुनी पेट्रोल जीप होती तो प्रत्येक जण हेच करत होता. कुणी मॅटाडोरचं इंजिन टाकायचं, कुणी प्यूजोचं, कुणी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं महिंद्राचं. आम्ही प्यूजोचं घेतलं, महिंद्राच्या एमएम ५४० जीपमध्ये यायचं ते, २११२ सीसीचं. नुसतं इंजिन घेतलं, गिअरबॉक्स गाडीतला जुनाच ठेवायचं ठरलं. पैसे वाचवायचे होते. पहिली चूक तीच.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये जे बेल हाउसिंग (क्लचवरचं कवच) असतं ते एका घराण्याचं दुसऱ्याला बसत नाही. म्हणून मधे एक जाड प्लेट करावी लागते. ती आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवर करून घेतली. भोकं बरोबर जुळली, बोल्ट आत गेले, सगळे खूश. गाडी सुरू झाली तेव्हा दादानं पेढे वाटले. दोन महिन्यांनी क्लच दाबला की घरघर यायला लागली, मग दुसरा गिअर आपोआप निसटायला लागला. तिसऱ्या महिन्यात सगळं पुन्हा खाली उतरवलं. क्रँकच्या टोकातलं पायलट बेअरिंग, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ते, भुगा झालं होतं. दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रीनं क्रँकला डायल (बारीक फरक मोजायचं घड्याळ) बांधून बेल हाउसिंगच्या भोकावर फिरवला. क्रँकची मध्यरेषा आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टची मध्यरेषा यांत पंधरा थाऊंचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक निघाला. पंधरा थाऊ म्हणजे पुठ्ठ्याची जाडी. तेवढ्यानं शाफ्ट प्रत्येक फेरीत वाकडा ओढला जात होता.

त्या म्हाताऱ्यानं तेव्हा जे सांगितलं ते सांगतो, कारण तुमचा मिस्त्री हे सांगेल असं वाटत नाही. बोल्ट फक्त आवळायचं काम करतात. दोन तुकडे जागच्या जागी नेमके बसवायचं काम डॉवेल पिना करतात. बोल्टाच्या भोकात नेहमी थोडी ढिलाई असते. म्हणून आधी डायल लावून मध्य जुळवायचा, आवळायचं, मग दोन्ही तुकड्यांतून एकदम भोकं पाडून पिना ठोकायच्या. तुमच्या मिस्त्रीला एवढंच विचारा, ‘डायल आहे का?’ ‘नजरेनं बसवतो’ म्हणाला तर चहा पिऊन परत या.

बाकीच्या गोष्टी लहान, पण त्यांची यादी संपत नाही. इंजिनाचं फाउंडेशन चेसिसवर नव्यानं वेल्ड करावं लागतं. सायलेन्सरचा पाईप स्टिअरिंग बॉक्सला लागू नये म्हणून वळवावा लागतो. रेडिएटर आणि पंख्यात बोटभर जागा उरत नाही. डिझेल इंजिनाचं वजन पुढच्या पाट्यांवर (स्प्रिंगांवर) येतं, गाडी नाक खाली घालून उभी राहते, मग पाट्यात एक पान वाढवायचं. बॅटरी मोठी लागते, तिच्या वायरी जाड लागतात, इंजिनापासून चेसिसला अर्थिंगची पट्टी वेगळी लागते. हीटर प्लगसाठी रिले. टाकी आतून धुवायची, कारण पन्नास वर्षांचा गाळ पेट्रोलच्या कार्बोरेटरनं खपवून घेतला असेल, डिझेलचा पंप खपवून घेणार नाही. नोझलमधून उरलेलं डिझेल परत टाकीत जायला वेगळी नळी. आणि गाडी बंद करायला चावी पुरत नाही. डिझेलला ठिणगी नसते, त्यामुळं ठिणगी तोडून ते थांबत नाही, डिझेल तोडावं लागतं. म्हणून स्टॉपची केबल. आमच्याकडं पहिले चार दिवस ती बसवली नव्हती. दादा टॉप गिअर टाकून ब्रेकवर पाय देऊन क्लच सोडायचा आणि इंजिन धाप लागल्यासारखं थांबायचं. शेजारची पोरं बघायला यायची.

वायपरचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या जीपचे वायपर विजेवर चालत नाहीत, इंजिनाच्या ओढीवर चालतात. पेट्रोल इंजिनात कार्बोरेटरची झडप हवा अडवते, त्यामुळं मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते, त्या पोकळीवर वायपर हलतो. डिझेलमध्ये हवा सहसा कुणी अडवत नाही, ती मोकळी आत जाते, त्यामुळं ओढ नाही आणि वायपरही नाही. हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही. जूनमध्ये वैभववाडीहून बहिणीकडचे फणस भरून परत येताना करूळ घाटात पाऊस लागला. गगनबावड्याचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. शेवटी वायपरला फणसाच्या पोत्याची सुतळी बांधली. एका बाजूनं मी ओढायचो, दुसऱ्या बाजूनं दादा, एक हात स्टिअरिंगवर ठेवून. असा सगळा घाट चढलो. दुसऱ्या दिवशी विजेची वायपर मोटर आणली. तुमच्या गाडीला कुणी मागाहून ब्रेकचा बूस्टर (तोही याच पोकळीवर चालतो) बसवला असेल तर हाच प्रकार ब्रेकच्या बाबतीत होईल, आणि तिथं सुतळी चालत नाही. मागं व्हॅक्युम पंप असलेला अल्टरनेटर घ्यावा लागेल.

आता गाडीच्या ओढीबद्दल, म्हणजे ताकदीबद्दल. ‘डिझेल घातलं की गाडी ओढते’ हे सगळे म्हणतात. हरिकेन इंजिन २१९९ सीसीचं, सुमारे ७५ हॉर्सपॉवरचं, आणि त्याचा टॉर्क मिनिटाला २००० फेऱ्यांना १५ किलोग्रॅम-मीटरच्या वर. आम्ही टाकलेलं प्यूजो ६२ हॉर्सपॉवरचं, टॉर्क बाराच्या आसपास. म्हणजे चांगल्या अवस्थेतलं तुमचं पेट्रोल इंजिन ओढीला कमी नाही, उलट जास्तच आहे. तुमची गाडी आज ओढत नसेल तर कारण दुसरीकडं शोधा.

ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल घेतलंत तर वेगाचा प्रश्न येतो. त्या काळच्या पेट्रोल जीपचा क्राऊन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली गिअरची जोडी) बहुधा ५.३८ चा असतो, म्हणजे टॉप गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या साधारण साडेपाच. ६.००-१६ चं टायर एका फेरीत सुमारे २.२ मीटर जातं. इंजिन ३००० फेऱ्यांवर धापा टाकत असेल तर टॉप गिअरमध्ये ताशी ७३-७४ किलोमीटर, बस. हायवेवर उसाचे ट्रॅक्टर सोडले तर सगळे तुम्हाला मागं टाकून जाणार. क्राऊन-पिनियन बदलायचा तर फोर-व्हील गाडीला पुढचा आणि मागचा दोन्ही बदलावे लागतात. एकच बदलून फोर-व्हील टाकलंत तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरायला बघतील आणि मधला ट्रान्सफर बॉक्स चिरडला जाईल.

आणि कागद. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. आम्ही केलं तेव्हा आरटीओची परवानगी काढून गाडीच्या आरसी बुकात इंधन आणि इंजिन नंबर बदलून घेता यायचा. २००० साली मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बदल झाला: कंपनीनं मुळात जे तपशील दिले त्यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच उचलून धरलं. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीचं मान्यताप्राप्त किट बसवायला वाट आहे. पेट्रोलचं डिझेल करायला तशी सरळ वाट नाही. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या कितीतरी पुढची, म्हणजे दर पाच वर्षांनी पासिंगला उभी राहणार. तिथं बॉनेट उघडल्यावर बुकात ‘पेट्रोल’ आणि समोर नोझलच्या नळ्या, तेव्हा तुम्ही काय सांगणार? पासिंग कसंबसं झालं तरी अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा बुकच मागते. ‘सगळे करतात, आरटीओत ओळख आहे’ असं मिस्त्री म्हणाला असेल तर त्या ओळखीच्या माणसाकडून बुकात आधी लेखी नोंद करून आणा म्हणावं, इंजिन नंतर.

हिशोबही बघा. १५० किलोमीटरला तुमचं पेट्रोल एकवीस-बावीस लिटर, एकशेचारचा भाव धरला तर बावीसशे रुपये. डिझेलवर गाडी बारानं गेली असं धरू, साडेबारा लिटर, एक्याण्णवचा भाव धरला तर साडेअकराशेच्या आत. महिन्याला हजार-अकराशे वाचले, वर्षाला तेरा हजार. इंजिन, गिअरबॉक्स, पंप-नोझलचं काम, लेथ, वेल्डिंग, वायरिंग, क्राऊन-पिनियन धरून दीड लाखाच्या आत हे नीट होत नाही. म्हणजे बारा वर्षं, तीही मधे काही मोडलं नाही तर. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये आणि डिझेल ४१ च्या खाली होतं, तेव्हा हा हिशोब वेगळा बसायचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव मोकळे झाले आणि ती गंमत संपली.

मी तुमच्या जागी असतो तर पंचवीस-तीस हजार त्याच पेट्रोल इंजिनावर घातले असते. आधी चारी सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. मग गाडी सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये हातानं ढकलून बघा, ढकलत नसेल तर ब्रेकची लायनर ड्रमला घासतायत, निम्मं ॲव्हरेज तिथं जातंय. कार्बोरेटरच्या थ्रॉटल शाफ्टला बोटानं हलवून बघा, डुगडुगत असेल तर तिथून फुकटची हवा आत जाते आणि मिस्त्री ती झाकायला पेट्रोल वाढवून ठेवतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं, जुनं रबर त्याला टिकत नाही, म्हणून इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालून घ्या. हेड उघडलंत तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला कडक धातूच्या सीट बसवून घ्या. या इंजिनात एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळं नुसतं हेड लेथवर पाठवून भागत नाही, हे लेथवाल्याला आधीच सांगा.

एवढं करून गाडी नऊ-दहा देऊ शकेल. आमची तेव्हाची प्यूजोवाली अकरा द्यायची.

दादानं ती २००६ ला विकली. जुनं हरिकेन इंजिन अजून आमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडून आहे. कार्बोरेटर किंवा टायमिंग कव्हर लागलं तर कळवा, मोफत घेऊन जा. मॅनिफोल्ड मात्र चिरलेला आहे, तो मागू नका.