दुसऱ्या गोलीस

दांडिया बाजार, बडोदे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

फुटबॉल संघात तुझी निवड झाल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. आनंद झाला. पण त्याच दमात ती म्हणाली, की यादी लागल्यापासून तू धड जेवत नाहीस. दुसरा गोली, म्हणजे राखीव गोलकीपर म्हणून घेतलंय, पहिला तिशीतला आणि चांगला तयारीचा आहे, आपल्याला हंगामभर बेंचवरच बसायचंय, हे तुझ्या डोक्यातून जात नाहीये. मीही एक अख्खा हंगाम दुसरा गोली होतो, म्हणून लिहायला बसलो.

आधी आपल्या गावाबद्दल. बडोद्यात ग्लोव्ह्ज म्हटले की लोकांना विकेटकीपर आठवतो. किरण मोरे इथले, नयन मोंगिया इथले. त्यामुळे तू ग्लोव्ह्ज घेऊन निघालास की कुणीतरी रणजीचं विचारणारच. शांतपणे सांग, मी फुटबॉल खेळतो. तुझी लीग म्हणजे देशातली तिसरी पायरी, हेही कुणी ऐकवेल. तेव्हा लक्षात ठेव, 2023-24 मध्ये याच पायरीवरून, आय-लीग 2 मधून, डेम्पो वरच्या पायरीवर गेला. पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला हा गोव्याचा संघ. पुढच्या हंगामात डायमंड हार्बर तसाच वर चढला. 2022 मध्ये स्थापन झालेला हा बंगालचा संघ आय-लीग 3 जिंकला आणि त्याच हंगामात आय-लीग 2 सुद्धा. घसरून परत चढू पाहणारे आणि पहिल्यांदाच चढणारे असे दोघेही तुला समोर भेटतील. दोघांनाही जिंकायची तितकीच घाई असते.

आता हिशेब कर. आठ संघ असले तर घरचे आणि बाहेरचे मिळून 14 सामने. 1,260 मिनिटं. म्हणजे 21 तास. एका हंगामात खेळ एवढाच. बाकी महिनोन्महिने सराव, रेल्वेचा प्रवास, दुसऱ्या गावातली खोली, वेळेवर न मिळालेलं जेवण. दुसऱ्या गोलीचा हंगाम या बाकीच्यातच जातो आणि त्यात त्याला एक मोठं काम असतं. सामन्याआधी पहिल्या गोलीला तयार करणं. आधी थेट हातात, मग कमरेइतके, मग जमिनीलगत दोन्ही बाजूंना, शेवटी क्रॉस, म्हणजे कडेने गोलसमोर उंच येणारे बॉल. हे बॉल मारणारा तू. तू आळसात मारलेस तर तो अर्धवट जागा होऊन सामन्यात उतरतो. मला हे काम हमालीचं वाटायचं. तुला तसं वाटू देऊ नकोस.

माझ्या हंगामातला अकरावा सामना. दहा सामन्यांत माझी गरज पडली नव्हती, म्हणून हाफटाइमला बदली खेळाडू वॉर्म-अपला गेले तेव्हा मी जॅकेट घालून बेंचवरच बसून राहिलो. दुसऱ्या हाफमध्ये आमचा गोली खांद्यावर पडला आणि उठलाच नाही. कोचने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा माझ्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या. सगळा संघ उभा आणि मी खाली वाकून नाड्या बांधतोय. आत गेलो तर पहिलाच बॉल कॉर्नर. मी निघालो आणि अर्ध्यावर थबकलो. बॉल डोक्यावरून गेला, मागच्या खांबाजवळच्या त्यांच्या खेळाडूने रिकाम्या गोलमध्ये हेडर मारला. 0-1 ने हरलो.

मला कुणी काही बोललं नाही. परतताना बसमध्ये आमचा गोली हात गळ्यात बांधून माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी पडलो होतो, तरी तुला नाड्या बांधताना पाहिलं." अजून आठवलं की पोटात कालवतं.

म्हणून सांगतो, हाफटाइमला रोज ग्लोव्ह्ज चढवायचे आणि कुणाला तरी क्रॉस मारायला लावायचे. बेंचवर बसून त्यांचे कॉर्नर बघायचे. बॉल कोण मारतो, आत वळतो की बाहेर, पहिल्या खांबाला कोण धावतं. पुढच्या कॉर्नरला तूच आत असशील असं धरून बघ. आणि आठ सेकंदांचा नियम अंगात मुरव. पूर्वी सहा सेकंद होते आणि शिट्टी क्वचितच वाजायची. 2025-26 च्या नियमांपासून बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त राहिला तर थेट कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून मोजतो. अचानक आत गेलेला गोली घाबरून बॉल छातीशी धरून ठेवतो, म्हणून सरावात तोंडाने मोठ्याने मोजत जा.

ऐझॉलसारख्या ठिकाणी कृत्रिम टर्फ आहे. तिथे कोपर-गुडघे सोलतात, लांब पँट घाल. ग्लोव्ह्ज कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळव. उन्हात त्यांची पकड जाते.

कराराची सही केलेली प्रत स्वतःकडे ठेव. एक प्रत आईकडे. माझे शेवटचे दोन पगार आजतागायत मिळाले नाहीत, कारण माझ्याकडे दाखवायला कागदच नव्हता. फिफाच्या नियमांत 2018 पासून तरतूद आहे, दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन, पंधरा दिवस वाट पाहून खेळाडू करार सोडू शकतो. बोलायला संकोच वाटला तर फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंचीच संघटना आहे, तिथे विचार.

नवरात्रात इथे गरबा रंगेल आणि तू लांब कुठेतरी असशील, तेव्हा घरची आठवण येईल. फोन कर. मी रात्री अकरापर्यंत जागा असतो.

आईकडे एक पिशवी दिली आहे. त्यात सरावाचे ग्लोव्ह्ज आणि नाड्यांच्या दोन जोड्या आहेत. पहिल्या सामन्यानंतर फोन केलास की निकाल नंतर सांग. आधी सांग, त्याला किती क्रॉस मारलेस आणि त्यातले किती त्याने हवेतच पकडले.

तुझा,
काका