अमेरिकेतल्या यूएससीमध्ये सगळी श्रीमंतांची लाडावलेली मुलंच असतात, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या बहिणीला लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाचा, म्हणजे यूएससीचा, एमएसचा अ‍ॅडमिट आलाय. आणि जो भेटतो तो सांगतोय की ते खासगी विद्यापीठ म्हणजे बड्या बापाच्या पोरांचा अड्डा, तिथे आपल्या घरातल्या मुलीचा निभाव लागणार नाही. मी २०१७ ते २०१९ तिथेच एमएस केलं, तेही बाबांचा फ्लॅट गहाण ठेवून काढलेल्या कर्जावर. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

हा शिक्का जुना आहे. यूएससी या अक्षरांचा 'युनिव्हर्सिटी ऑफ स्पॉइल्ड चिल्ड्रन' असा विस्तार त्या शहरात सगळ्यांना पाठ असतो. शहरातलंच दुसरं मोठं विद्यापीठ यूसीएलए, ते सरकारी. दोघांमध्ये अमेरिकन फुटबॉलवरून पिढ्यान् पिढ्यांची चुरस आहे आणि सामन्याच्या आठवड्यात हे टोपणनाव हमखास वर येतं. मी तिथे पोहोचण्याआधीच ते माझ्या कानावर आलं होतं आणि मी ते खरं धरून चालले होते.

त्यात तथ्य किती? पैशापुरतं बोलायचं तर बरंच आहे, ते नाकारून तुमची फसवणूक करणार नाही. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कर-नोंदींवरून प्रत्येक कॉलेजमधल्या मुलांच्या आईवडिलांचं उत्पन्न काढलं, ते आकडे जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. यूएससीत पदवी करणाऱ्या मुलांच्या कुटुंबाचं उत्पन्न, सगळी उत्पन्नं चढत्या क्रमाने लावून अगदी मधलं धरलं तर, वर्षाला १ लाख ६० हजार डॉलरच्या आसपास. साठ टक्क्यांहून जास्त मुलं देशातल्या सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्शातली.   

पण त्याच तक्त्यात यूसीएलएसमोरचा आकडाही बघा, जो कुणी सांगत नाही. सरकारी विद्यापीठ, तरी जवळजवळ निम्मी मुलं वरच्याच पाचव्या हिश्शातली, मधल्या कुटुंबाचं उत्पन्न १ लाख ५ हजार डॉलरच्या घरात. म्हणजे फरक आहे, मोठा आहे, पण एकीकडे राजवाडा आणि दुसरीकडे झोपडी असा नाही. 'लाडावलेले' हे विशेषण मात्र एकाच दारावर लटकवलं गेलं.

आणखी एक गोष्ट या चर्चेत सुटते. यूएससीच्या साधारण ४७ हजार विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून जास्त ग्रॅड आहेत, म्हणजे एमएस, पीएचडी, कायदा, वैद्यक वगैरे करणारे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येणारी पार्ट्या करणारी पोरं अंडरग्रॅड, म्हणजे पदवी करणारी, असतात. त्यातही २८व्या रस्त्यावरच्या फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीच्या, म्हणजे मुलांच्या आणि मुलींच्या क्लबांच्या, घरांमधली, ज्या पट्ट्याला सगळे 'द रो' म्हणतात. त्या घरांचे सदस्य अंडरग्रॅडमध्येसुद्धा बहुसंख्य नाहीत. पण शनिवारी रात्री आवाज तिथूनच येतो, त्यामुळे विद्यापीठ म्हणजे तेच असं वाटत राहतं. तुमच्या बहिणीचा आणि त्या रस्त्याचा फारसा संबंधही येणार नाही. ती कॅम्पसजवळच्या एखाद्या जुन्या अपार्टमेंटमध्ये, एका खोलीत दोघी अशी राहील, आणि रात्रभर उघड्या असणाऱ्या लीव्ही लायब्ररीत तिची सेमिस्टर जाईल.

आता मी जे जवळून पाहिलं ते सांगते.

पहिल्या वर्षी मी कॅम्पसवरच्या एका कॅफेत काम करायचे. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच, एवढीच मुभा असते. तासाला १२ डॉलर मिळायचे. सकाळच्या शिफ्टला माझ्यासोबत एक अंडरग्रॅड मुलगा असायचा. अंगावर चांगलं जॅकेट, बोलणं सफाईदार, कॅम्पसचा कानाकोपरा माहीत. मी मनात ठरवून टाकलं होतं की हा हौसेखातर नोकरी करतोय. दीडेक महिन्याने एकदा दुधाचे कॅन उचलताना सहज विचारलं, तू राहतोस कुठे? तो म्हणाला, "घरी." त्याचं घर कॅम्पसच्या दक्षिणेला बसने पाऊण तासावर. आई रात्री ऑफिसांची सफाई करायची. तो सहावीपासून दर शनिवारी याच कॅम्पसवर येत होता.

यूएससी एक कार्यक्रम चालवतं, नेबरहुड अ‍ॅकॅडमिक इनिशिएटिव्ह नावाचा. आजूबाजूच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांना सहावीत घेतात आणि बारावीपर्यंत सलग सात वर्षं त्यांचा जादा अभ्यास घेतात. पालकांनाही शनिवारी वर्गांना यावं लागतं. मुलगा टिकला आणि यूएससीच्या प्रवेशाला पात्र ठरला, तर ट्यूशनचा भार विद्यापीठ उचलतं. हा मुलगा त्यातून आला होता. त्याची आई रात्रपाळी करून शनिवारी सकाळी त्या वर्गांना बसलेली होती, सात वर्षं.

मी त्याला म्हटलं, तू हे कधी बोलला नाहीस. तो म्हणाला, "इथे सगळे धरूनच चालतात की आपल्याकडे पैसा आहे. खुलासा करायचा तर प्रत्येक वेळी घरची गोष्ट सांगावी लागते."

हे वाक्य मला अजून टोचतं. शिक्का श्रीमंत मुलांना लागतो असं आपण समजतो. त्यांना तो फारसा लागतच नाही. ती हसून सोडून देतात, काही तर तो अभिमानाने मिरवतात. चटका बसतो तो या मुलाला. बाहेरचे त्याला लाडावलेला म्हणतात, आतले त्याला आपल्यासारखाच समजून सुट्टीच्या सहलीचे पैसे मागतात, आणि तो दोन्हीकडे गप्प राहतो. विद्यापीठ गरीब मुलांसाठी काही करतं की नाही, हा प्रश्नही मग कुणी नीट विचारत नाही, कारण तिथे गरीब मुलं नसतातच असं आधीच ठरलेलं असतं. फेब्रुवारी २०२० मध्ये यूएससीने जाहीर केलं की वर्षाला ८० हजार डॉलर किंवा त्याहून कमी उत्पन्न असलेल्या अमेरिकी कुटुंबांतल्या मुलांना पदवीची ट्यूशन माफ, आणि मदत ठरवताना राहत्या घराची किंमत धरणार नाही. ती बातमी वाचली तेव्हा मला पहिला आठवला तो हा मुलगा.

दुसऱ्या वर्षी मी एका विषयाची ग्रेडर, म्हणजे मुलांच्या असाइनमेंट तपासणारी, होते. तिथे मला कळलं की पैशाचा फरक नेमका दिसतो कुठे. उत्तरपत्रिकेत दिसत नाही. कोण कष्ट करतंय आणि कोण नाही, याची वाटणी घरच्या पैशाप्रमाणे होत नव्हती, आणि हे मी दोनशेच्या आसपास असाइनमेंट दर पंधरवड्याला तपासून सांगतेय. फरक दिसायचा ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे प्रोफेसर मुलांना भेटायला राखून ठेवतात त्या वेळेत. महागड्या खासगी शाळांतून आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात प्रोफेसरांच्या खोलीत हजर. त्यांना पहिल्या नावाने हाक मारणार, समोर खुर्ची ओढून बसणार, 'माझे दोन मार्क का कापले' म्हणून शांतपणे वाद घालणार. सुरुवातीला मला तो उद्धटपणा वाटायचा. हळूहळू लक्षात आलं की शिक्षकाचा वेळ मागणं हा आपला हक्क आहे, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. आणि खरं म्हणजे तो हक्क आहेच! घरात पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलं मात्र मिडटर्ममध्ये मार्क पडल्याशिवाय त्या दाराशी फिरकायची नाहीत. प्रोफेसरांना त्रास कशाला द्यायचा, असं त्यांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं. आपल्याकडे मोठ्यांसमोर प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा, हे मुरलेलं असतं.

पैसा दिसायचा तो वेळेतही. माझ्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये एक मुलगी होती, पांढऱ्या मोठ्या गाडीतून यायची. ती काम करणार नाही, असं आम्ही तिघींनी आधीच गृहीत धरलं आणि तिला सोपा भाग दिला. डेमोच्या आदल्या रात्री आमचा कोड कोसळला. पहाटे चारपर्यंत लीव्हीच्या खालच्या मजल्यावर बसून तिने तो उभा केला, एकेक ओळ वाचत, न चिडता. मी दोन वाजता पेंगले होते, कारण सकाळी सहाची कॅफेची शिफ्ट होती. ती हुशार होती आणि मेहनतीही होती. शिवाय तिला सकाळी कुठे जायचं नव्हतं. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि 'लाडावलेली' या शब्दात त्यातली एकही मावत नाही. तिची माफी मी नंतर मागितली. तिला आश्चर्य वाटलं नाही, म्हणजे असं तिच्यासोबत आधीही झालं असणार.

मार्च २०१९ मध्ये, माझ्या शेवटच्या सेमिस्टरला, प्रवेशांचा घोटाळा बाहेर आला. रिक सिंगर नावाचा सल्लागार श्रीमंत पालकांकडून लाखो डॉलर घेऊन, प्रशिक्षकांना लाच देऊन, खेळाडू नसलेल्या मुलांना खेळाडू म्हणून आत घुसवत होता. त्या प्रकरणात अनेक नामांकित विद्यापीठं होती, पण यूएससीचं नाव सर्वांत जास्त वेळा आलं. घरून फोन आले, "बघ, सगळे म्हणत होते तेच निघालं." मला फार वाईट वाटलं. त्या जागा ज्यांच्या हक्काच्या होत्या त्या मुलांसाठी आधी, आणि मग कॅफेतल्या त्या मुलासाठी. पण त्या घोटाळ्याचा एक अर्थ लोकांच्या लक्षात आला नाही. नुसती फी भरून जागा मिळत असती, तर लाच द्यायची गरजच पडली नसती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला यूएससी अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना घ्यायचं, आता पदवीला दहातल्या एकाच्या आसपास. टोपणनाव मात्र तेच राहिलं. माजी विद्यार्थ्यांच्या आणि देणगीदारांच्या मुलांना झुकतं माप देण्यावर कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून बंदी घातली, खासगी विद्यापीठांनाही ती लागू आहे. मला हे फार आधी व्हायला हवं होतं असं वाटतं. राग काढायचाच असेल तर तो या मागच्या दारांवर काढावा, आत बसलेल्या प्रत्येक मुलावर नको.

एक शिक्का आपल्या लोकांचाही आहे, तो तुमच्या बहिणीला जास्त ऐकावा लागेल: 'खासगीत काय, पैसे टाकले की एमएसचा अ‍ॅडमिट मिळतो.' एमएसच्या प्रवेशाची दारं अंडरग्रॅडपेक्षा रुंद आहेत आणि विद्यापीठाला या फीमधून मोठं उत्पन्न मिळतं, हे खरं आहे. पण माझ्या ओळखीतले भारतीय एमएसवाले जवळपास सगळे कर्ज काढून आलेले होते. सहा जण दोन खोल्यांत, एकाच भाताच्या कुकरवर. प्रत्येक युनिटमागे, म्हणजे विषयाच्या क्रेडिटमागे, फी भरावी लागते, त्या वेळी एका युनिटला दोन हजार डॉलरच्या आसपास होती, त्यामुळे एखादा विषय सोडायचा तरी आधी हिशेब करावा लागायचा. ही मुलं लाडावलेली कशी म्हणायची, मला कळत नाही.

तेव्हा बहिणीला जाऊ द्यायचं की नाही, हे फी, कर्ज, विषय आणि नोकरीची शक्यता बघून ठरवा. तिथल्या मुलांच्या भीतीने नको. ती गेलीच तर कॅम्पसवरच्या नोकरीचे अर्ज सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच टाकायला सांगा, नंतर जागा उरत नाहीत. आणि पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयाच्या प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सला जायला सांगा, विचारायला काही नसलं तरी. नाव सांगायचं, कुठून आलो ते सांगायचं, सिलॅबसमधलं एखादं वाक्य समजून घ्यायचं. दहा मिनिटं लागतात. मी ते पहिल्यांदा केलं तिसऱ्या सेमिस्टरला.