तरुण संघाचे काम नव्याने हाती घेताना

आपण बेळगावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघाची जबाबदारी घेत आहात, याचा आनंद वाटतो. शिबिरे आणि स्पर्धांच्या मागे लागू नका. त्यांनी गर्दी जमते, पण दहावीची परीक्षा जवळ आली की ती ओसरते. त्याऐवजी बायबलमधील मार्ककृत शुभवर्तमान वाचायला घ्या. त्याचे 16 अध्याय आहेत, आठवड्याला एक पुरे, आणि कन्नड माध्यमातील मुलांना तोच उतारा कन्नड बायबलमधून वाचू द्यावा. ‘देव माझी प्रार्थना ऐकतच नाही’ असे कोणी म्हणाले, तर लगेच बायबलमधले वचन सुनावून त्याचे तोंड बंद करणे, ही नवख्यांची नेहमीची चूक असते. रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचे वाचन, आणि पेटी मुलांकडे सोपवा, सूर चुकला तरी चालेल. बारावीनंतर पुण्याला किंवा बंगळूरला जाणाऱ्यांची तिथल्या मंडळीशी निघण्यापूर्वीच ओळख करून द्या.