क्वांटम शिकवायला सुरुवात कुठून करायची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमचा क्वांटम मेकॅनिक्सचा (इलेक्ट्रॉन, फोटॉनसारख्या अतिसूक्ष्म गोष्टींच्या नियमांचा) सिलॅबस १९०० सालच्या प्लँकपासून सुरू होतो, मग आइन्स्टाइन, बोर, असं करत करत श्रोडिंगरच्या समीकरणापर्यंत पोचेस्तोवर टर्म संपत आलेली असते. मुलं बॉक्समधल्या कणाचं गणित सोडवतात, मार्कही मिळतात, पण इलेक्ट्रॉन मग असतो कुठं असं विचारलं की वर्ग गप्प. क्रम बदलून बघू का?

उत्तर: बदला, मॅडम, बिनधास्त बदला. इतिहासाचा क्रम म्हणजे त्या लोकांनी चाचपडत काढलेली वाट, ती सांगायलाच हवी पण पहिल्याच दिवशी सांगायला हवी असं काही नाही. बोरच्या कक्षा (केंद्रकाभोवती ठरावीक वाटेने फिरणारे इलेक्ट्रॉन) एकदा मुलांच्या डोक्यात बसल्या की नंतर त्या काढता काढता नाकी नऊ येतात, आणि आपणच त्या आधी बसवलेल्या असतात.

मी तरी दोनच अवस्था असलेल्या गोष्टीपासून सुरू करेन, म्हणजे स्पिन (कणाचा अंगभूत गुण, ज्यामुळे तो चिमुकल्या चुंबकासारखा वागतो) किंवा फोटॉनचं, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाचं, पोलरायझेशन (कंपनाची दिशा). १९२२ चा स्टर्न-गर्लाखचा प्रयोग घ्या. चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला तर तो दोन भागांत फुटतो, मधे पसरत नाही. आता वरचा भाग घेऊन आडव्या चुंबकातून सोडला तर अर्धे इकडे अर्धे तिकडे, त्यातला एक भाग घेऊन परत उभ्या चुंबकातून सोडला तर काय होईल, हे मुलांना आधी वहीत लिहायला लावा. बहुतेक जण लिहितात "सगळे वर", कारण ते वरचे म्हणूनच तर निवडले होते. उत्तर मात्र पुन्हा अर्धे-अर्धे. आडवं मोजमाप केलं आणि उभ्याची माहिती गेली. इथे जी चर्चा होते ना, तीच खरी क्वांटम मेकॅनिक्सची सुरुवात, आणि यासाठी गणित लागतं दोन आकड्यांचा व्हेक्टर आणि दोन बाय दोनची मॅट्रिक्स, बस. श्रोडिंगरचं डिफरन्शियल समीकरण नंतर येऊ द्या, तोवर मुलांना ते कशासाठी सोडवायचं हे तरी माहीत झालेलं असेल.

हातात धरून दाखवायचं असेल तर पोलरायझरच्या, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा प्रकाश सोडणाऱ्या, तीन फिल्म पुरतात. दोन फिल्म एकमेकींना काटकोनात धरल्या की काळोख. आता त्यांच्या मधे तिसरी ४५ अंशात सरकवा, उजेड यायला लागतो! अडथळा वाढवला आणि प्रकाश वाढला, हे बघून मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे येतात. पहिल्या फिल्ममधून जेवढा प्रकाश येतो त्याच्या साधारण एक चतुर्थांश शेवटपर्यंत पोचतो (प्रत्यक्षात थोडा कमी, फिल्म स्वतःही काही खाते). फक्त एक काळजी घ्या, यावरून क्वांटम सिद्ध झालं असं मुलांना सांगू नका, कारण एकोणिसाव्या शतकातली लाटांची थिअरी हाच एक चतुर्थांश बिनचूक देते. क्वांटमचा प्रश्न पुढचा आहे: एका वेळी एकच फोटॉन सोडला तर? त्याचा चौथा हिस्सा काही पलीकडे जात नाही, एकतर अख्खा जातो नाहीतर जात नाही, आणि कुठला जाईल हे आधी सांगता येत नाही. लाटेचा आकडा तिथे प्रोबॅबिलिटी होतो.

आणि हा एकच फोटॉन नुसता फळ्यावरचा नाहीये. १९८६ मध्ये ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांनी एकेक फोटॉन बीम स्प्लिटरवर (अर्धा प्रकाश पार सोडणाऱ्या आणि अर्धा दुसरीकडे वळवणाऱ्या काचेवर) पाठवून दाखवलं की दोन्ही बाजूंचे डिटेक्टर एकदम वाजत नाहीत (योगायोगाने क्वचित वाजतात तेवढे सोडून). तेव्हा तो बड्या लॅबचा रिसर्च होता, आज बऱ्याच कॉलेजांत पदवीची मुलं तोच प्रयोग करतात. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर एका क्रिस्टलवर टाकतात, क्वचित एखाद्या फोटॉनमधून ८१० नॅनोमीटरचे दोन निघतात, एक सापडला की दुसरा वाटेत आहे हे कळतं. डिटेक्टर महाग असतात आणि खोलीतल्या साध्या उजेडानेही खराब होऊ शकतात, म्हणून मुलं अंधारात तासन्‌तास अलाइनमेंट करत बसतात, आणि त्या कंटाळवाण्या कामातच रिसर्च म्हणजे काय ते त्यांना पहिल्यांदा समजतं.

प्रश्न: टनेलिंगमध्ये, म्हणजे एनर्जी अपुरी असूनही कण अडथळ्यापलीकडे पोचतो तेव्हा, भिंतीतून जाताना त्याची थोडी एनर्जी खर्च होत असेल ना? पुस्तकातल्या आकृतीत तर पलीकडची लाट लहान दिसते. (एक विद्यार्थी)

उत्तर: नाही रे, एनर्जी तेवढीच राहते. असं वाटणारा तू एकटा नाहीस, जगभरच्या विद्यार्थ्यांमध्ये हा गैरसमज सापडलाय आणि फिजिक्स कसं शिकलं जातं याच्यावर संशोधन करणाऱ्यांनी त्याचा चांगला अभ्यास केलाय. घोळ आकृतीचाच आहे. एकाच ग्राफवर एनर्जीची रेघ आणि वेव्ह फंक्शन (कण कुठे सापडण्याची शक्यता किती हे ज्यावरून काढतात ती लाट) दोन्ही काढतात, मग लाट लहान झाली म्हणजे एनर्जी कमी झाली असं डोळ्याला वाटतं. लहान झाली ती पलीकडे सापडण्याची शक्यता. दोन वेगवेगळे ग्राफ काढून बघ, लगेच सुटेल. आणि हीच झपाट्याने घसरणारी शक्यता बिनिग आणि रोरर यांनी १९८१ मध्ये कामाला लावली, स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपमध्ये: सुई पृष्ठभागापासून आणखी ०.१ नॅनोमीटर लांब नेली की मधल्या फटीतून टनेल होणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा करंट जवळपास दहापट कमी होतो, म्हणून तर एकेक अणू वेगळा दिसतो. १९८६ च्या नोबेलचा अर्धा वाटा त्यालाच.

प्रश्न: आमच्याकडे लेझर, क्रिस्टल काही नाही आणि येईल अशी आशाही नाही. रिसर्चशी मुलांचा संबंध जोडायचा तर कसा? व्हिडिओ दाखवतो, पण तेवढ्यावरच राहतं.

उत्तर: सर, इंटरनेट असेल तर खरा क्वांटम कॉम्प्युटर वापरता येतो. आयबीएमने २०१६ मध्ये पाच क्यूबिटचं (क्यूबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट, मोजला की शून्य किंवा एक देणारा) मशीन क्लाउडवर सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यानंतर बरीच मोठी मशीन आली. सगळ्यात छोटा प्रयोग सांगतो. एक क्यूबिट शून्यात ठेवा, त्यावर हॅडामार्ड गेट (शून्य आणि एक यांचं समसमान मिश्रण करणारी क्रिया) लावा, मोजा. अर्धे शून्य, अर्धे एक. मुलं म्हणतील हे तर नाणं उडवल्यासारखं झालं. मग मधे न मोजता तोच गेट दोनदा लावायला सांगा. नाणं दोनदा उडवलं तरी बेभरवशाचंच, पण इथे दरवेळी शून्य यायला हवं! इंटरफेरन्स म्हणतात तो हा, 'एक' यायच्या दोन वाटा एकमेकींना खोडून टाकतात.

आता यायला हवं म्हणालो, खऱ्या मशीनवर थोडे एक येतातच. या चुका मोजायला लावा: गेटच्या दोन जोड्या, दहा जोड्या, पन्नास जोड्या, चुका कशा वाढतात त्याचा ग्राफ काढा. पण दोन गेटच्या मधे बॅरिअर (इथले गेट एकत्र करू नकोस, असं सॉफ्टवेअरला सांगणारी खूण) टाकायला विसरू नका, नाहीतर सॉफ्टवेअर हुशारी करून लागोपाठचे दोन गेट एकमेकांना छेद देऊन काढूनच टाकतं आणि तुम्ही काहीच न चालवता ग्राफ काढत बसता. हा नॉइज कुठून येतो, कसा कमी करायचा, यावर आज कितीतरी ग्रुप काम करतायत, म्हणजे मुलांच्या हातात आलेला डेटा हा आजच्याच प्रश्नाचा डेटा आहे. व्हिडिओतून हे होत नाही.

प्रश्न: शिकवण्यात एवढा वेळ जातो की रिसर्च मागे पडतो असं सहकारी म्हणतात. तुमचं मत?

उत्तर: वेळ जातो हे खरंय, ते नाकारण्यात अर्थ नाही, पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे मला पटत नाही. सत्येंद्रनाथ बोस ढाक्याला शिकवत होते, प्लँकच्या नियमाची (तापलेली वस्तू कुठल्या रंगाचा किती प्रकाश देते त्याची) जी मांडणी वर्गात द्यायची होती ती त्यांना पटेना, कारण तिच्यात जुन्या थिअरीचे तुकडे उसने घेतले होते. त्यांनी फोटॉन एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत अशा पद्धतीने मोजणी केली आणि १९२४ मध्ये तो पेपर आइन्स्टाइनला पाठवला, आइन्स्टाइननी स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापायला दिला आणि तीच मोजणी अणूंना लावून अणू एकाच अवस्थेत गोळा होतील असं सांगितलं. १९९५ मध्ये कॉर्नेल आणि वायमन यांनी रुबिडियमचे अणू एका केल्विनच्या दहालाखाव्या भागाच्याही खाली थंड करून ते करून दाखवलं, २००१ मध्ये केटर्लेसोबत नोबेल मिळालं. आणि याच वायमन यांनी पुढे आपला मोठा वेळ फिजिक्स कसं शिकवावं या संशोधनाला दिला, फेट (PhET) सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर फिजिक्स खेळवून बघायचे प्रोग्रॅम, त्यांनीच सुरू केली. वरच्या विद्यार्थ्याने फेटमधलं टनेलिंगचं जरूर चालवून बघावं.

प्रश्न: क्वांटममध्ये रिसर्च करायचाय. आत्तापासून काय करू?

उत्तर: लिनिअर अल्जिब्रा पक्कं कर, आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स एखाद्या व्हेक्टरची रेघ न बदलता त्याला ज्या पटीत ताणते तो आकडा) झोपेतून उठवलं तरी काढता आली पाहिजे. पायथन शिक. सुट्टीत कुठल्याही लॅबमध्ये काम मिळालं तर घे, विषय क्वांटम नसला तरी चालेल, सोल्डरिंग आणि एरर बार कुठेही शिकता येतात. आणि जॉन बेलचा १९६४ चा पेपर (दूर गेलेल्या दोन कणांची मोजमापं आधीच ठरलेल्या उत्तरांनी समजावता येत नाहीत हे दाखवणारा) मिळवून वाच, फक्त सहा पानांचा आहे, पहिल्या वाचनात निम्मा कळला तरी पुढचा निम्मा सरांना विचारायला जा.